ओहायो स्टेटचे (अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघ) रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी

अरे, २०२५ च्या सीझनआधी सगळे रिसीव्हर जेरेमाया स्मिथबद्दलच बोलत होते आणि बरोबरच होतं, पहिल्याच वर्षी (२०२४) पोराने ७६ कॅच, १३१५ यार्ड, १५ टचडाऊन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे गुण) काढले. पण दुसरा रिसीव्हर एमेका एगबुका तेव्हा एनएफएलला (व्यावसायिक लीग) गेला होता, म्हणून त्या सीझनचे सामने बघताना तू कार्नेल टेटवर नजर ठेव, स्मिथवर समोरच्या संघाचे दोघं धावले की हाच मोकळा सापडणार. आणि टाइट एंड (ब्लॉकिंगही करणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) सोडू नकोस हां! पर्ड्यू विद्यापीठाच्या संघातून आलेला मॅक्स क्लेअर मला फार आवडतो, तिथे २०२४ ला ५१ कॅच घेतले त्याने. स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याआधी) तो कुठे उभाय बघ, टॅकलला (पुढच्या रांगेतल्या कडेच्या खेळाडूला) चिकटून असेल तर ब्लॉकिंगही, म्हणजे विरोधकाला अडवणंही, असू शकतं, बाहेर सरकला असेल तर बहुतेक पासच. त्या सीझनला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) नवा, दडपणात जवळचाच माणूस शोधणार. ३० ऑगस्ट २०२५ च्या टेक्सासविरुद्धच्या सामन्याचा पहिला क्वार्टर लाव आणि फक्त एवढंच बघ.