आधी कुणी थांबायचं, ते ठरव

प्रिय,

अनेक आशीर्वाद. अवकाश मोहिमांचा अग्रक्रम ठरवणाऱ्या समितीवर तुझी निवड झाली, फार बरं वाटलं. सगळ्यांत मोठा वैज्ञानिक प्रश्न कोणता हे एकदा ठरलं की पैसे कुणाला द्यायचे ते आपोआप ठरेल, असं तू लिहितेस. तसं होत नाही गं. समितीपुढे येणारा प्रत्येक प्रस्ताव मोठ्याच प्रश्नावरचा असतो.

मेख आहे ती खर्चात. जे उपकरण अजून कुणी बनवलेलंच नाही, त्याचा खर्च प्रस्ताव लिहिणारे तरी नेमका कुठून सांगणार? जेम्स वेब दुर्बीण १० अब्ज डॉलरच्या घरात गेली. मंगळावरचे नमुने आणायला ८ ते ११ अब्ज लागतील, असं २०२३ च्या स्वतंत्र परीक्षणाने सांगितलं. एक मोहीम अशी फुगली की तिची भरपाई लहान मोहिमा करतात, आणि त्यांच्या बाजूने बोलायला बैठकीत फारसं कुणी नसतं.

म्हणून अमेरिकेचा २०११ चा ग्रहविज्ञानाचा दशवार्षिक अहवाल काढून वाच; पुढच्या दहा वर्षांच्या मोहिमांचा अग्रक्रम तिथल्या शास्त्रज्ञांच्या समितीने त्यात लावला आहे. त्यातली मोहिमांची यादी वरवर चाळलीस तरी चालेल. निधी कमी पडला तर काय करायचं, ते मात्र नीट वाच: आधी महामोहिमेला कात्री लावा किंवा ती पुढे ढकला, डिस्कव्हरी आणि न्यू फ्रंटियर्स या लहान-मध्यम मोहिमांची मालिका शाबूत ठेवा. भांडण व्हायच्या आधीच हे लिहून ठेवलेलं होतं, हे मला फार आवडतं.

त्याच अहवालात गुरूच्या युरोपा या उपग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाचा अंदाज ४.७ अब्ज डॉलर निघाला होता. हे परवडणार नाही, आटोपशीर करा, असं समितीने बजावलं. मग अभियंत्यांनी युरोपाभोवती फिरण्याचा हट्टच सोडला. तिथल्या किरणोत्सर्गात इलेक्ट्रॉनिक्स फार काळ टिकत नाही. त्यापेक्षा गुरूभोवती लांबट कक्षेत फिरायचं, युरोपाजवळून झपकन जाऊन मोजमापं घ्यायची आणि दूर आल्यावर सावकाश माहिती पाठवायची. अशा सुमारे ५० फेऱ्या करायला युरोपा क्लिपर ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं. कात्रीने मोहीम सुधारली. (खर्च शेवटी ५ अब्जांच्या आसपास गेलाच, तो भाग वेगळा!)

नकार देतानाही कारण नेमकं लिही. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या केपलर दुर्बिणीचा प्रस्ताव चार वेळा फेटाळला गेला. ग्रह आडवा गेल्यावर ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो, तो इतक्या अचूकपणे मोजता येईल का, ही एक शंका होती. त्या चमूने प्रयोगशाळेत तसं मोजून दाखवलं, आणि पुढे २००९ मध्ये दुर्बीण उडाली. 'विचार व्हावा' असल्या गुळमुळीत शेऱ्यावर कुणाला काय करता आलं असतं?

पहिल्याच बैठकीत प्रत्येक मोहिमेचा स्वतंत्र संस्थेने काढलेला खर्च माग. आणि आलेल्या माहितीच्या विश्लेषणाचे पैसे त्यात धरलेत ना, तेवढं विचार. ते विसरून चालत नाही.

कळावे.