मुलगा रोज पाच तास गेम खेळतो, हे व्यसनच ना?

हा प्रश्न पालक बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच विचारतात. इथे ज्या कुटुंबाची हकिगत आहे, त्यांनीही तसंच विचारलं होतं. मुलगा पंधरा वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शाळेतून आला की संगणकासमोर बसायचा आणि पाच जणांच्या टीमचा ऑनलाइन गेम रात्री पावणेदोनपर्यंत चालायचा. गुण घसरले होते, जेवायला हाक मारली की खेकसायचा. एका रात्री वडिलांनी ऐन सामन्यात राउटरचा प्लग उपटला. मुलाने हेडफोन भिंतीवर आपटला आणि बाबांशी बोलणंच टाकलं.

आई घाबरलेली होती. बाबांचं मत मात्र पक्कं होतं: “जागतिक आरोग्य संघटनेनंच याला आजार म्हटलंय. आणखी काय पुरावा हवा?”

बाबांची माहिती खरी होती, पण अर्धी. संघटनेची आजारांची अकरावी सूची, म्हणजे आयसीडी-११, मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्या व्याख्येत तासांचा आकडा मात्र कुठेही नाही. तिथे तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: कधी सुरू करायचं, कधी थांबायचं यावरचा ताबा सुटलेला असणं, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं गेमपुढे मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहणं किंवा वाढणं. यामुळे घर, शिक्षण, नाती यांचं ठळक नुकसान झालेलं असावं लागतं आणि हे चित्र साधारणपणे १२ महिने टिकलेलं असावं लागतं. लक्षणं फार तीव्र असतील तरच त्याआधी निदान करता येतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेने तर हा विषय ‘अजून अभ्यास हवा’ अशा विभागातच ठेवला. सुट्टीत सहा तास खेळून शाळा सुरू होताच आपणहून कमी करणारं मूल आजारी नसतं, आणि दोनच तास खेळणाऱ्या मुलाचं सगळं आयुष्य त्या दोन तासांभोवती फिरत असेल तर काळजी करावी लागते.

म्हणून समुपदेशकाने मुलाशी एकट्याशी बोलताना तासांचा विषय काढलाच नाही. गेम कोणता, टीममध्ये तुझं काम काय, सामना किती वेळ चालतो, एवढंच विचारलं. तोवर गप्प बसलेला मुलगा भरभरून बोलायला लागला. बाकीचे चौघे लढतात आणि हा त्यांना सावरतो, जखमी गड्याला पुन्हा उभं करतो. सामना ३० ते ४० मिनिटांचा. मधे थांबवता येत नाही. एक जण उठला की चौघे हरतात, उठणाऱ्याची रँक घसरते, आणि वारंवार घडलं तर काही काळ खेळायची बंदी येते. राउटर बंद झाला त्या रात्री बाबांना एक मशीन बंद झालेलं दिसलं. मुलाच्या लेखी त्याने चार मित्रांना भर मैदानात सोडलं होतं. हे चौघे त्याला इतके जवळचे का, तेही पुढच्या बोलण्यात कळलं. त्याच्या जिवलग मित्राने आदल्या वर्षी शाळा बदलली होती आणि मधल्या सुट्टीत हा एकटाच बसायचा.

यात क्रम फार महत्त्वाचा असतो. गुणपत्रकं आणि तारखा शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की आधी मित्र गेला, मग गुण उतरले आणि गेमचे तास त्यानंतर वाढले. ‘गेममुळे अभ्यास गेला’ हे घरातलं ठाम मत कागदावर टिकलं नाही. नैराश्य, चिंता, एकाग्रतेची अडचण, शाळेतला छळ यांपैकी काहीतरी अनेकदा आधीपासून असतं आणि गेम हा त्यातला आसरा असतो. आसरा काढून घेतला म्हणून मूळ दुखणं जात नाही.

पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद ठेवायची, असं ठरलं. वहीत पाच रकाने: सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ, किती सामने, बसण्याआधी काय घडलं होतं, उठल्यावर मन कसं होतं. नोंद मुलाने ठेवायची आणि त्या काळात घरच्यांनी टोकायचं नाही. ही अट पाळली नाही तर वहीत खोटे आकडे येतात आणि पुढचं सगळं काम वाया जातं. या वहीतून दोन गोष्टी निघाल्या. मामेभाऊ राहायला आला त्या दोन दिवसांत मुलाने गेम उघडलाही नव्हता, म्हणजे ताबा शाबूत होता. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. शाळेच्या दिवशी झोप जेमतेम पाच तास होत होती. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात. चिडचिड, वर्गातली पेंग, पाठ केलेलं विसरणं, हे सगळं आई-बाबा गेमच्या खात्यावर मांडत होते. त्यातला बराच भाग अपुऱ्या झोपेचा होता.

त्यामुळे सुरुवात झोपेपासून झाली. उठायची वेळ पावणेसातला पक्की केली, सुट्टीच्या दिवशी फार तर तासभर उशीर. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणायची. पावणेदोनवरून पावणेअकरावर यायला असे १२ टप्पे, म्हणजे पाच आठवडे लागतात. “आजपासून दहाला झोप” हे का चालत नाही? किशोरवयात शरीराचं घड्याळ मुळातच पुढे सरकलेलं असतं. मूल अंथरुणात टक्क जागं राहतं आणि मग उशाचा फोन हातात येतो. उठल्यावर थोडा वेळ उजेडात काढायचा आणि रात्री सगळ्यांचे फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावायचे. सगळ्यांचे म्हणजे आई-बाबांचेही. ही अट बाबांना जड गेली, पण ती नसती तर मुलाने एकही अट मानली नसती.

दुसरा बदल थांबण्याच्या पद्धतीत केला. “पाच मिनिटांत बंद कर” याला ४० मिनिटांच्या सामन्यात काही अर्थ नसतो. त्याऐवजी शेवटचा सामना सुरू करायची वेळ ठरवायची. साडेनऊला उठायचं असेल तर ४० मिनिटं सामन्याची, पाच मिनिटं टीम जमायची. म्हणजे पावणेनऊनंतर नवा सामना नाही. आईने साडेआठला एकदाच, जवळ जाऊन, पडद्यावर काय चाललंय ते पाहून आठवण करायची. स्वयंपाकघरातून मारलेली हाक हेडफोनमधून पोचत नाही आणि तिसऱ्या हाकेला आवाज चढतो. सामना लांबला तर तो पूर्ण करू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्या मिनिटांनी उशिरा बसायचं.

घसरण झाली ती तिसऱ्या आठवड्यात. चाचणीत गुण कमी पडले आणि बाबांनी रागाने शनिवार-रविवारचा गेम बंद केला. त्या रात्री मुलगा आईच्या फोनवर चोरून खेळताना सापडला. लिहून ठरवलेला नियम एका बाजूने मोडला की दुसरी बाजूही तो पाळत नाही. शिवाय गुणांचं बक्षीस किंवा शिक्षा म्हणून गेम वापरला की मुलाच्या नजरेत त्याची किंमत वाढत जाते. मग करारात दुरुस्ती केली: नियम मोडला तर काय होईल ते आधीच लिहायचं, ते एकाच दिवसापुरतं असेल, आणि गुणांचा त्याच्याशी संबंध नसेल.

याच टप्प्यावर बाबा म्हणाले, “सरकारनंच बंदी घातली पाहिजे.” तसे प्रयत्न झाले आहेत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते पहाटे सहा ऑनलाइन गेम बंद केले आणि २०२२ च्या सुरुवातीला तो कायदा मागे घेतला. चीनने २०२१ पासून १८ वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. कायद्याने घड्याळ बसवता येतं, पण मधल्या सुट्टीत एकट्या बसणाऱ्या मुलाला सोबत देता येत नाही.

मात्र गेम कंपन्यांना सगळी सूट देणंही चूक आहे. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटते, आत काय निघेल ते न सांगता विकलेल्या पेट्या. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी सर्वांत चिकाटीने कळ दाबत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. पैसे देऊन घेतल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये जुगार ठरवलं. घरी करायचं एवढंच: खात्यावर जतन केलेलं कार्ड काढून टाका, प्रत्येक खरेदीला पालकांचा पासवर्ड लावा, गेमची नोटिफिकेशन्स बंद करा.

सगळ्यात जास्त फरक ज्याने पडला ते काम साधं होतं. बाबा मुलाशेजारी बसून दोन पूर्ण सामने पाहायचे, मत न देता, फक्त प्रश्न विचारत. त्यातूनच कळलं की शाळा बदललेला मित्रही हाच गेम खेळतो. तो टीममध्ये आला आणि पुढे दोघे शनिवारी प्रत्यक्ष भेटायला लागले. तीन महिन्यांनी झोप आठ तासांवर आली होती आणि शाळेच्या दिवशी गेम अडीच तासांपर्यंत उतरला होता. गुण मात्र सावकाश वर येत होते. त्यासाठी गणिताच्या मागे राहिलेल्या धड्यांवर वेगळं काम करावं लागलं. गेमिंग डिसऑर्डरचं निदान या मुलाला कधीच लागू झालं नाही.

काही ठिकाणी मात्र वही आणि करार यांच्यावर वेळ घालवू नका. मुलाने शाळाच सोडली, अंघोळ-जेवण टाकलं, पैसे चोरले, अडवल्यावर मारहाण केली, किंवा एरवी आवडणारं काहीच आवडेनासं झालं, तर थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मरणाची भाषा केली तर ‘धमकी देतोय’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गेमचं काय करायचं ते मागाहून बघता येईल.