दुचाकीची वायर, दिवे आणि लेगगार्ड: वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की इंदूरहून महू-मंडलेश्वर रस्त्याने जाम गेटकडे जाणाऱ्यांची पत्रे वाढतात. यंदा निम्मी पत्रे धुक्यातल्या दिव्यांविषयी आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सुदामा नगरचे एक वाचक विचारतात: १५० सीसीच्या गाडीला २० वॅटचे दोन एलईडी फॉग लॅम्प घरीच लावायचे आहेत. दुकानदार म्हणतो, हेडलाइटच्या वायरीला जोड द्या, झालं काम. चालेल का? आणि दिवे पिवळे घ्यावेत की पांढरे?

हेडलाइटच्या वायरीला जोड अजिबात देऊ नका. ती वायर आणि हँडलवरचा स्विच ३५ वॅटच्या बल्बच्या हिशेबाने दिलेला असतो. त्यावर आणखी ४० वॅट टाकले की करंट दुपटीहून जास्त होतो, स्विचचे पॉइंट तापतात, आतले प्लास्टिक मऊ पडते. मग फॉग लॅम्पबरोबर हेडलाइटही जातो, आणि तोही नेमका घाटात.

४० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर. याला १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ५ अँपिअरचा फ्यूज आणि चार पिनांचा १२ व्होल्ट रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पुरतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पॉझिटिव्ह नंतर. उलट केले आणि पॉझिटिव्हवरचा पाना चुकून चॅसीला लागला तर थेट शॉर्ट होतो. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघणाऱ्या वायरीवर वीतभर अंतरातच फ्यूज बसवा. फ्यूज दिव्याला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. तो दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते, आणि टाकीखाली ती घासून चॅसीला टेकली तर पेटते. फ्यूजपासून वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनवर, ८७ वरून दोन्ही दिव्यांना, ८५ चॅसीच्या अर्थला. ८६ ला नवीन छोट्या स्विचमधून पार्किंग लाइटच्या वायरीचा करंट द्या. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ अँपिअर लागतो, तेवढा पार्किंगची वायर सहज देते. चावी बंद केली की फॉग लॅम्पही आपोआप बंद.

पार्किंगच्या वायरीला जोड देताना ती सोलू नका. बाजारात निळ्या प्लास्टिकच्या, दाबून बसणाऱ्या क्लिपा मिळतात, त्याही नकोत. त्या क्लिपेचे पाते वायरीचे काही धागे कापते आणि त्याच फटीतून पाणी आत जाते. दोन पावसाळ्यांत तांबे हिरवे पडून जोड तुटतो. गाडीच्याच कनेक्टरला बसणारा वाय आकाराचा जोड घ्या. तो एका बाजूने मूळ कनेक्टरला लागतो, दुसऱ्या बाजूने नवीन वायर निघते, आणि उद्या काढला तर गाडी होती तशी. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, क्रिम्पिंग प्लायरनेच दाबा, वर गरम केली की आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा. साधी काळी टेप उन्हाने चिकटपणा सोडते.

रिले सीटखाली ठेवा, पिना खाली तोंड करून, म्हणजे वरून पडलेले पाणी आत साचणार नाही. स्टिअरिंगच्या मानेजवळ वायरीला मोकळा वळसा द्या, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर कुठेही ताणली जात नाही हे बघा. वायर तुटते ती बहुतेक इथेच. झिप टाय घट्ट आवळू नका. सायलेन्सरच्या बाजूने वायर नेऊ नका.

शेवटी मल्टिमीटर बॅटरीवर लावून पाहा. सगळे दिवे चालू ठेवून ३००० आरपीएमला १३.५ व्होल्टच्या आसपास किंवा वर आकडा असला तर गाडीचे चार्जिंग हे ओझे पेलते. आकडा १२.६ च्या खाली उतरत गेला तर बॅटरी रिकामी होते आहे. मग एकच दिवा लावा.

रंगाचे म्हणाल तर पिवळा प्रकाश धुके भेदतो ही समजूत खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा इतके मोठे असतात की सगळे रंग ते जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळा डोळ्यांना सौम्य वाटतो, एवढेच. खरा फरक उंचीचा आणि कोनाचा. दिवा खाली, लेगगार्डवर, आणि झोत रुंद व जमिनीकडे. भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून कोणाला तरी वर बसवा. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर तरी खाली पडली पाहिजे. त्याहून वर गेली तर समोरून चढणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जाते, आणि धुक्यात तोच प्रकाश उलटून तुमच्या डोळ्यांत येतो.

रामबागच्या एक वाचक: मोबाइल चार्जर बसवल्यापासून गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरी नवीन आहे.

चार्जर थेट बॅटरीला जोडलेला दिसतो. मोबाइल लावलेला नसला तरी आतली सर्किट थोडा करंट खातच असते. समजा तो २० मिलिअँपिअर आहे. दिवसाला ०.४८ अँपिअर-अवर गेले, म्हणजे ५ अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत अर्धी. सेल्फला तेवढी उणीव पुरेशी असते.

खात्री करायची तर चावी बंद करून निगेटिव्ह वायर सोडवा आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर बॅटरीचे निगेटिव्ह टोक व ती वायर यांच्यामध्ये लावा. आकडा लहान असेल तरच मिलिअँपिअरवर या. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल. मग चार्जरचा फ्यूज काढा. आकडा खाली आला तर दोष तिथेच. चार्जरला करंट चावीनंतर चालू होणाऱ्या सर्किटमधून द्या, ३ अँपिअरच्या वेगळ्या फ्यूजसह. फ्यूजबॉक्समध्ये घुसवायचा दुहेरी फ्यूज होल्डर मिळतो, त्याने वायर न कापता हे होते. गाडीत जीपीएस ट्रॅकर असेल तर तोही याच पद्धतीने तपासा.

महूचे एक वाचक: एलईडी इंडिकेटर लावले. आता ते फार भरभर लुकलुकतात, आणि डावा दिला तरी चारही लागतात.

हे दोन वेगळे दोष आहेत. मूळ फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा, १० वॅटच्या दोन बल्बांच्या करंटवर चालतो. एलईडी वॅट-दोन वॅट घेतो, तेव्हा फ्लॅशरला वाटते बल्ब उडाला, आणि तो वेग वाढवतो. काही जण इंडिकेटरला समांतर रेझिस्टर लावतात. १० वॅटच्या बल्बची नक्कल करायची तर तो १४ ओहमच्या आसपास लागतो आणि तेवढीच उष्णता टाकतो. प्लास्टिकच्या पॅनेलला टेकला तर डाग पडतो, प्रसंगी वितळवतो. आमचा सल्ला एलईडीसाठीचा फ्लॅशर घेण्याचा. जुन्या फ्लॅशरच्या पिना किती आणि कोणत्या जागी आहेत ते बघूनच घ्या. तीन पिनांच्याला अर्थ लागतो.

चारही दिवे लागण्याचे कारण मीटरमधला इंडिकेटरचा बल्ब. ज्या गाडीत दोन्ही बाजूंना मिळून एकच बल्ब असतो, तिथे तो डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला असतो. पूर्वी त्यातून पलीकडे जाणारा किंचित करंट मोठ्या बल्बांना उजळवायला पुरत नव्हता. एलईडीला तो पुरतो. उपाय म्हणजे १एन४००७ जातीचे दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग: डाव्या-उजव्या वायरीला एकेक, पट्टीची बाजू मीटरच्या बल्बकडे, दोन्ही पट्ट्या बल्बच्या एकाच टोकाला, आणि बल्बचे दुसरे टोक अर्थला. सोल्डरिंग जमत नसेल तर हीच जोडणी तयार मिळते, ती घ्या.

टिळक नगरचे एक वाचक: जोडी हॉर्न लावायचे आहेत. रिले लागतोच का?

लागतोच. दोन हॉर्न मिळून ८ ते १० अँपिअर घेतात, हँडलचे बटण तेवढे सहन करत नाही. आत डायोड नसलेला साधा रिले घेतलात तर जुन्या हॉर्नच्या दोन वायरी ८५ आणि ८६ वर कशाही लावल्या तरी चालतात, बटण पॉझिटिव्ह तोडणारे असो की अर्थ. वायर २.५ चौरस मिलिमीटर, फ्यूज १५ अँपिअर. सूर बदलत वाजणारे हॉर्न मात्र घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११९ व्या नियमाने ते बंद आहेत.

लोकमान्य नगरच्या एक वाचक: सॅडल बॅग नीट बसावी म्हणून मेकॅनिक साडीगार्ड काढायला सांगतो. सासूबाई मागे एका बाजूला पाय सोडून बसतात.

काढू नका. पदर किंवा ओढणी स्पोकमध्ये गेली की मागे बसलेली व्यक्ती क्षणात ओढली जाते. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण त्याच नियमांतल्या १२३ व्या नियमाने सक्तीचे आहे. बॅग साडीगार्डच्या बाहेरून, त्याच्याच नळीला पट्ट्याने बांधता येते. फक्त ती सायलेन्सरला टेकणार नाही आणि इंडिकेटर झाकणार नाही एवढे पाहा.

अन्नपूर्णा रोडचे एक वाचक: लेगगार्ड घरी बसवला. महिन्याभरात खडखड सुरू झाली.

घाईत बसवलेल्या गार्डचा एक बोल्ट आधी आवळला जातो आणि बाकीची भोके जबरदस्तीने जुळवली जातात. मग गार्ड ताणात राहतो, इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सैल होतात. सगळे सोडवा. बोल्ट इंजिन माउंटिंगचे असतील तर इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन एका वेळी एकच काढा. सगळे बोल्ट हाताने अर्धे फिरवून बसतात का बघा. एखादे भोक जुळत नसेल तर गार्डचे भोक कानशीने लांबट करा, गाडीच्या चॅसीला हात लावू नका. उघडे झालेले लोखंड लगेच रंगवा.

बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, सियागंजात सुटे मिळतात. डोक्यावर आकडा कोरलेला असतो. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला. तो जागेवर बसत नसेल तर आट्यांना लावायचे निळे थ्रेडलॉक. किती आवळायचे याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर एम८ ला, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला, सुमारे २५ न्यूटन-मीटर, एम१० ला ४५. बोल्ट इंजिनाच्या अॅल्युमिनियममध्ये जात असेल तर याहून कमी, नाहीतर आटे निघून येतात. आवळून झाल्यावर पुढचा शॉकअप जोराने दाबून चाक किंवा मडगार्ड गार्डला लागते का, आणि ब्रेकचा पेडल पूर्ण दाबला जातो का, हे तपासा. नटापासून चॅसीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. १०० आणि ५०० किलोमीटरनंतर ती तुटलेली दिसली तर तोच नट फिरला आहे.