डेन्मार्कची पायवाट, डेन्मार्कचे प्रश्न : वाचकांच्या शंकांना उत्तरे

डेन्मार्कमधील पायवाटांवर मी लिहिलेल्या लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांतली काही रानवाटांविषयी आहेत, तर काही तिथल्या राजकारणाविषयी. मी मात्र या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाही, कारण या देशात आज ज्या मुद्द्यांवर वाद चालले आहेत, त्यांतले बरेचसे गावाबाहेर तासभर चालल्यास डोळ्यांनी पाहता येतात.

आमची मुलगी ऑर्हूसला असते आणि आम्ही उभयता मे महिन्यात तिच्याकडे तीन महिने राहायला जाणार आहोत. आम्हाला रोज चालण्याची सवय आहे. शेजारच्या स्वीडनमध्ये कोणाच्याही जमिनीवरून चालता येते असे ऐकले. डेन्मार्कमध्येही तसेच आहे का? (पुणे)

तसे नाही, आणि हा फरक जाण्यापूर्वीच समजून घेतलेला बरा. डेन्मार्क हा छोटा आणि बराचसा लागवडीखाली आलेला देश आहे. त्याची साठ टक्क्यांच्या आसपास जमीन शेतीकडे आहे, त्यामुळे चालणाऱ्याचा हक्क तिथे रूढीने नव्हे, तर कायद्याने, आणि तोही जमिनीच्या प्रकारानुसार ठरवून दिलेला आहे. सरकारी जंगलात तुम्ही दिवसा किंवा रात्री, वाट सोडूनसुद्धा पायी फिरू शकता. खाजगी जंगलात मात्र केवळ रस्त्यावरून आणि पायवाटेवरून चालायचे, आणि सूर्य मावळण्यापूर्वी बाहेर पडायचे. उभ्या पिकातून जाता येत नाही. शेतातला रस्ता सहसा चालण्यासाठी मोकळा असतो, पण मालकाने मनाईची पाटी लावली असेल तर मागे फिरावे. काही शेतकऱ्यांनी निसर्गप्रेमी संस्थांच्या सहकार्याने आपल्या शेतातून खुणा लावलेल्या वाटा स्वखुशीने खुल्या केल्या आहेत. त्या वाटेवर चालताना आपण कोणाच्या तरी सौजन्यावर चालत आहोत याची जाणीव ठेवावी.

समुद्रकिनारा ही सर्वांत मोकळी जागा आहे. १९१७ च्या निसर्गसंरक्षण कायद्याने किनाऱ्यावर चालण्याचा हक्क सामान्य माणसाला दिला. किनारा खाजगी मालकीचा असला तरी त्यावरून चालता येते, पोहता येते आणि थोडा वेळ बसताही येते. बसायचे असेल तर घरापासून पन्नास मीटर अंतर ठेवावे, इतकेच. किनाऱ्यालगत बांधकाम करण्यास १९३७ पासून बंदी आहे. तो पट्टा आधी शंभर मीटरचा होता आणि १९९४ पासून, वस्ती व उन्हाळी घरांचे भाग वगळता, तीनशे मीटरचा झाला. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या भिंती पाहिलेल्या मराठी माणसाला या तीनशे मीटरचे मोल निराळे सांगायला नको.

ऑर्हूसच्या दक्षिणेला मार्सेलिसबोर्गचे जंगल आहे, तिथून सुरुवात करा. तुम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलात तर बीच नावाच्या वृक्षांची पालवी नुकतीच फुटलेली असेल. ती इतकी कोवळी असते की तिच्यातून उन्हाचा हिरवा उजेड गाळून खाली येतो. आठ-दहा दिवसांत पान जून होते आणि तो उजेड जातो, म्हणून प्रवासाचा थकवा घालवण्याच्या निमित्ताने हे दिवस घरात काढू नका. पुढे मोल्स ब्येर्ग या राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांवर मुलीला सोबत घेऊन एक पूर्ण दिवस घालवा. गवतातून चालून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे रोज तपासावे, कारण तिथल्या गोचिडीमुळे बोरेलिया जिवाणूंचा आजार होऊ शकतो.

डेन्मार्कमध्ये गायीच्या ढेकरेवर कर लावला आहे असे वाचनात आले. आमच्याकडे आठ म्हशी आहेत आणि दूध सहकारी संघाला जाते. हे खरे आहे का, आणि तिथल्या शेतकऱ्याने ते मान्य कसे केले? (जि. कोल्हापूर)

बातमी खरी आहे, फक्त कर अजून सुरू झालेला नाही. जून २०२४ मध्ये सरकार, शेतकऱ्यांची संघटना, निसर्गसंरक्षण संस्था, कामगार संघटना, उद्योग आणि नगरपालिका यांच्यात एक करार झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संसदेतील बहुसंख्य पक्षांनी तो स्वीकारला. त्यानुसार जनावरांपासून होणाऱ्या, हवामान तापवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनावर २०३० पासून टनामागे तीनशे क्रोनर (हे तिथले चलन) आणि २०३५ पासून साडेसातशे क्रोनर कर लागेल. यात साठ टक्के वजावट आहे, म्हणजे प्रत्यक्ष भार अनुक्रमे एकशे वीस आणि तीनशे क्रोनरचा पडेल. जो शेतकरी उत्सर्जन कमी करील, त्याचा कर त्याहूनही कमी होईल. जगात असा कर ठरवणारा हा पहिला देश आहे.

शेतकऱ्याने ते मान्य कसे केले, हा तुमचा खरा प्रश्न. त्याचे उत्तर मला दोन ठिकाणी सापडते. पहिले ठिकाण म्हणजे पाणी. शेतातले नत्र ओहोळांतून खाडीत उतरते, तिथे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तळाचे जीव गुदमरून मरतात. १९९७ मध्ये मारियागर खाडी अशीच निर्जीव झाली होती. एप्रिल २०२४ मध्ये वायले शहराच्या खाडीची लोकांनी प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. ज्या खाडीकाठी लोक रविवारी फिरायला जातात, तीच मेली असे म्हणायची वेळ आल्यावर हा विषय केवळ तज्ज्ञांचा उरला नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे सहकार, आणि तो तुम्हाला माझ्याहून अधिक चांगला ठाऊक आहे. १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील येडिंग या गावात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पहिली सहकारी दुग्धशाळा काढली आणि पुढच्या काही वर्षांत अशा शेकडो दुग्धशाळा उभ्या राहिल्या. एक माणूस एक मत, मग त्याच्या गायी चार असोत वा चाळीस, असे त्यांच्या कारभाराचे तत्त्व होते. आपले म्हणणे संघटनेमार्फत मांडायचे आणि सरकारसमोर बसून सौदा करायचा, ही सवय तिथल्या शेतकऱ्याला चार-पाच पिढ्यांपासूनची आहे. म्हणून हा कर वरून लादला गेला असे म्हणता येत नाही. शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी टेबलावर बसून वजावट मिळवली, आणि जमीन सोडणाऱ्यांना मोबदला मिळेल असा निधीही मिळवला. अडीच लाख हेक्टरवर नवे जंगल लावायचे आणि पूर्वी पाणी काढून लागवडीखाली आणलेली एक लाख चाळीस हजार हेक्टर पाणथळ जमीन पुन्हा ओली होऊ द्यायची, असे करारात आहे.

तरीही सारे सुरळीत चालले आहे असे समजू नका. पन्नासहून अधिक गायी असलेल्या गोठ्यांनी ढेकरेतून निघणारा मिथेन वायू कमी करण्यासाठी खाद्यात बदल करावा, असा नियम २०२५ पासून आला. त्यासाठी अनेकांनी खाद्यात एक रासायनिक पूरक वापरले आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत कित्येक शेतकऱ्यांनी गायी आजारी पडल्याची, दूध घटल्याची तक्रार केली, आणि तिचा तपास सुरू झाला. गायीच्या अंगावर हात ठेवून तिची तब्येत ओळखणाऱ्या माणसाची तक्रार आकड्यांत बसत नाही म्हणून बाजूला सारू नये, असे मला मनापासून वाटते. जमिनीचा आणखी एक वाद तर रस्त्यावरूनच दिसतो. जिथे पूर्वी गहू किंवा राईचे पीक असे, तिथे आता मैलभर सौर पट्ट्या पसरलेल्या आहेत. त्यांना लोकांनी ‘लोखंडाची शेते’ असे नाव दिले आणि नोव्हेंबर २०२५ च्या नगरपालिका निवडणुकीत डेन्मार्क डेमोक्रॅट या पक्षाने ते प्रचारात वापरले. सौर विजेला पाठिंबा आणि आपल्या खिडकीसमोरच्या पट्ट्यांना विरोध, या दोन्ही भावना एकाच घरात आढळतात.

मी दोन वर्षांपासून ऑलबोर्गमध्ये नोकरी करतो. सहकारी सौम्य आहेत, पण हवामानापलीकडे बोलत नाहीत. मग हे लोक चालू घडामोडींवर बोलतात तरी कुठे? (ऑलबोर्ग, डेन्मार्क)

त्यांच्या बोलण्याला जागा आणि दिवस ठरलेले असतात. ५ जून हा संविधान दिन आहे. १८४९ मध्ये याच दिवशी राजा सातवा फ्रेडरिक याने देशाला संविधान दिले. त्या दिवशी बागांमधून आणि गावच्या मैदानांतून राजकीय भाषणे होतात आणि लोक गवतावर बसून ती ऐकतात. २३ जूनच्या संध्याकाळी, म्हणजे सांक्त हान्सला, किनाऱ्यावर होळी पेटते आणि ती पेटण्यापूर्वी कोणीतरी भाषण करते. ते महापौराचे असेल, शिक्षकाचे असेल किंवा खासदाराचे असेल, त्यात त्या वर्षीची बोच हमखास येते. बोर्नहोल्म बेटावरील अलिंग गावात २०११ पासून दर जूनमध्ये लोकमेळावा भरतो, आणि तिथे मंत्री व सामान्य नागरिक एकाच तंबूत वाद घालतात.

हे सारे मोकळ्या हवेत घडते, यात मला योगायोग दिसत नाही. हिमेलब्येर्ग ही अवघी १४७ मीटरची टेकडी आहे, पण स्टीन स्टीनसेन ब्लिकर या पाद्री-कवीने १८३९ मध्ये तिच्या माथ्यावर लोकांची सभा बोलावली, तेव्हा देशात अजून निरंकुश राजसत्ता होती. संविधान देणाऱ्या राजाच्या स्मरणार्थ १८७५ मध्ये उभारलेला मनोरा आज तिथे आहे. एका रविवारी सहकाऱ्याला तिथे चलण्याविषयी विचारा. डेन्मार्कचा माणूस समोरासमोर बसून जे बोलत नाही ते शेजारी चालताना बोलतो, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

बोलण्याला विषय हवा असेल तर स्टोर बेडेडा या सुट्टीविषयी विचारा. १६८६ पासून ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी प्रार्थनेसाठी असलेली ही सुट्टी सरकारने संरक्षण खर्चाचे कारण देऊन रद्द केली. तिच्यासाठी ५ फेब्रुवारी २०२३ रोजी संसदेसमोर सुमारे पन्नास हजार लोक जमले, तरीही त्याच महिन्याच्या अखेरीस कायदा मंजूर झाला आणि २०२४ पासून तो शुक्रवार कामाचा दिवस झाला. त्या दिवशी बेकऱ्यांना काम करण्यास मनाई असल्यामुळे आदल्या संध्याकाळी गव्हाचे पाव भाजून ठेवण्याची रीत पडली होती. सुट्टी गेली, पण ते गरम पाव अजूनही आदल्या संध्याकाळी घरोघरी खाल्ले जातात. धर्माशी फारसा संबंध न उरलेले लोकही या विषयावर कळवळून बोलतात, कारण त्यांना न विचारता त्यांच्या वर्षातून एक दिवस काढून घेतला गेला.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही भारतीय नागरिक असलात तरी सलग चार वर्षे वास्तव्य झाल्यावर नगरपालिका आणि प्रदेश मंडळाच्या निवडणुकीत तुम्हाला मत देता येते. पुढील निवडणूक नोव्हेंबर २०२९ मध्ये आहे. तोपर्यंत तुमचे वास्तव्य पुरेसे झालेले असेल.

आमच्या भाड्याच्या घराच्या अंगणात ध्वजस्तंभ आहे. १५ ऑगस्टला त्यावर तिरंगा फडकवावा का? (रोस्किल्ड, डेन्मार्क)

परवानगीशिवाय फडकवू नये. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ध्वजस्तंभावर परदेशी राष्ट्रध्वज लावायचा असेल तर पोलिसांची परवानगी लागते. नॉर्डिक देश, ग्रीनलंड, फेरो बेटे आणि जर्मनी यांच्या ध्वजांना त्यातून सूट आहे, भारताला नाही. रीतसर अर्ज करावा, आणि घरमालकालाही आधी सांगावे. तिथे वाढदिवसालाही अंगणात ध्वज चढतो, त्यामुळे तुमच्या मनातील आनंद शेजाऱ्यांना निश्चित समजेल.

माझा नातू ओडेन्सला शिकतो. मी त्याला दर दिवाळीला हाताने पत्र लिहिते. तिकडचे टपाल बंद झाले म्हणतात. आता पत्र कसे पोहोचेल? (नाशिक)

आजी, पत्र पोहोचेल. १६२४ मध्ये चौथ्या क्रिस्तियान राजाने सुरू केलेल्या टपाल सेवेचा वारसा चालवणाऱ्या सरकारी कंपनीने २०२५ च्या डिसेंबरअखेर पत्रे वाटणे थांबवले, हे खरे आहे. २००० सालापासून पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. रस्त्यावरच्या लाल पेट्याही काढल्या गेल्या आणि त्या विकायला ठेवल्या तेव्हा घेणाऱ्यांची झुंबड उडाली. पत्रे वाटण्याचे काम आता एक खाजगी कंपनी करते. नातवाला उत्तर पाठवायचे असेल तर त्याला ते दुकानातील केंद्रावर नेऊन द्यावे लागेल, एवढाच फरक.

पत्त्यावर त्याचे पूर्ण नाव लिहा आणि खोलीच्या पत्रपेटीवर तेच नाव लावले आहे ना, हे त्याला फोनवर विचारून घ्या, कारण पेटीवर नाव नसले तर पत्र परत जाऊ शकते. आणि या वर्षी ते नवरात्रातच टाका.