मॅच गेली असं वाटलं तरी उठू नको

आयपीएल बघायचा पहिलाच सीझन ना तुझा, मग ऐक, टीम हरायला लागली की टीव्ही बंद करायचा नाही. २०१४ ला मुंबई इंडियन्स युएईतल्या पाचही मॅच हरली होती, आमच्या ग्रुपमधले निम्मे तेव्हाच गप्प झाले. शेवटी वानखेडेवर राजस्थानविरुद्ध प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जायचं तर १४.३ ओव्हरमध्ये १९० हवे होते, कोरी अँडरसनने नाबाद ९५ ठोकले पण १४.३ ला स्कोअर नुसता बरोबरीत, मी डोकं धरून बसलो, मग कळलं पुढच्या बॉलला बाउंड्री गेली तरी चालतंय आणि आपल्या आदित्य तरेने फुलटॉसवर सिक्सच हाणला! तो बॉल मी लाइव्ह पाहिला. दरवेळी असं होत नाही, पुढे एलिमिनेटर, म्हणजे हरला तो बाहेर अशी मॅच, हरलोच. पण हरल्यावर प्लेयरला शिव्या घालू नको, जर्सी धुवून ठेव, पुढच्या मॅचला लागते.