पीएस४ चा कंट्रोलर विंडोज १० वर चार्ज होतो पण गेममध्ये चालत नाही, कुठला ड्रायव्हर टाकू?

ड्रायव्हर सोडा, आधी केबल बदला, नुसतं चार्ज होतंय म्हणजे बहुतेक ती चार्जिंगपुरतीच केबल आहे, डेटाच्या तारा तिच्यात नसतातच. म्हापशात रिपेअरिंग करतो, या तक्रारीत मी पहिली केबलच बदलतो, आणि पावसात आपल्याकडे पोर्टना गंज धरतो तेव्हा दुसरा पोर्टपण बघा. मग स्टार्टमध्ये 'गेम कंट्रोलर' सर्च करा, तिथे कंट्रोलरचं नाव दिसलं आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये बटणं दाबल्यावर त्यांचे गोल लाल लागले तर ड्रायव्हर ठीक आहे. तरी गेम ऐकत नसेल तर त्या गेमला एक्सइनपुट, म्हणजे एक्सबॉक्सच्या कंट्रोलरची बटणं कळवायची पद्धत लागते, जी पीएस४ चा कंट्रोलर देत नाही, म्हणून स्टीम या गेम चालवायच्या अ‍ॅपच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये प्लेस्टेशनसाठी स्टीम इनपुट चालू करा. फक्त गेम स्टीमबाहेरून घेतलेली असेल तर ती आधी स्टीममध्ये अ‍ॅड करून तिथूनच चालवावी लागते.