ग्राइंडरच्या आधी लोकरीचा धागा

मित्रा, इंजिनाच्या सिलेंडर हेडमधला पोर्ट, म्हणजे हवा जायचा मार्ग, घासायला घेण्याआधी हवा कुठून जाते ते डोळ्यांनी बघ. बारीक तारेच्या टोकाला लोकरीचा छोटा धागा बांध आणि फ्लो बेंच (हेडमधून हवा सोडून प्रवाह मोजायचं यंत्र) चालू असताना पोर्टमध्ये हळूच फिरव. छताजवळ तो बहुतेकदा ताठ राहतो. खालच्या आखूड वळणावर, व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटच्या अलीकडे, फडफडला किंवा उलटा वळला तर हवा तिथे भिंत सोडतेय. व्हॉल्व्ह जास्त उचलल्यावर हे ठळक दिसतं, म्हणून प्रत्येक मिलिमीटरला थांबून बघ. दाब मात्र दरवेळी तोच ठेव. बरेच जण 28 इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबावर मोजतात. मी घाईत तेच वळण खोल घासलं, प्रवाह उलट घटला आणि चांगलं हेड वाया गेलं. गेलेलं ॲल्युमिनियम परत येत नाही रे. आणि तार जाड घेऊ नकोस, तीच हवा अडवते.